अँजिओची सीडी आधी तपासून घ्या

मैंदर्गीतील विहारात रविवारची वंदना आटोपल्यावर एका उपासकांनी आमच्यासमोर मोबाईल धरला. त्यांच्या थोरल्या भावाची शहरातल्या एका दवाखान्यात अँजिओग्राफी झाली होती. दोन ठिकाणी अडथळा आहे, स्टेंट टाकावे लागतील, असे सांगण्यात आले होते. पुतण्याने तिथल्या पडद्याचे मोबाईलवर चित्रीकरण करून घेतले. तेच घेऊन हे कुटुंब दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "यावरून मी काहीच सांगू शकत नाही. मूळ सीडी आणा." दवाखान्याने दिलेली सीडी लावली, तर तिच्यात फक्त अहवाल आणि चार स्थिर फोटो. मग पुन्हा अँजिओग्राफी करण्याची गोष्ट निघाली.

पुन्हा अँजिओग्राफी म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा क्ष-किरण आणि पुन्हा औषधी रंग. हा रंग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. ज्यांना मधुमेह आहे आणि मूत्रपिंड आधीच कमजोर आहे, त्यांना तो बाधू शकतो. मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर किती पोखरले होते, हे आपण जाणतो. आपल्या घराघरांत आज हा आजार आहे. म्हणून हा विषय आरोग्य पानावर घेत आहोत.

अँजिओग्राफी हा फोटो नसून हलते चित्र असते. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी नेतात, तिच्यातून रंग सोडतात आणि क्ष-किरणांनी चित्रीकरण करतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून 1958 साली हा रंग चुकून थेट हृदयाच्या रक्तवाहिनीत गेला आणि तिथून ही तपासणी सुरू झाली. पूर्वी ती सिनेमासारख्या फिल्मवर उतरवत, आता संगणकावर उतरवतात. साधारणपणे सेकंदाला 15 चित्रे घेतली जातात. हृदय धडधडत असताना वाहिनीही हलते. त्यामुळे एका स्थिर फोटोवरून अडथळ्याचा अंदाज चुकू शकतो.

चित्रीकरण चांगले आहे हे डॉक्टर कशावरून ठरवतात? आपल्यालाही समजतील अशा काही गोष्टी आहेत.

पहिली, रंग पुरेसा भरला आहे का. कमी रंग गेला तर चांगली वाहिनीही अरुंद भासते.

दुसरी, एकच वाहिनी वेगवेगळ्या कोनांतून दाखवली आहे का. उसाचे कांडे समोरून धरले तर आखूड दिसते, आडवे धरले तर त्याची खरी लांबी कळते. वाहिनीचेही तसेच. एका वाहिनीवर दुसरी आली तर मागचा अडथळा झाकला जातो. डाव्या मुख्य वाहिनीबाबत तर एका कोनावर भागतच नाही.

तिसरी, चित्रीकरण पुरेसा वेळ चालले आहे का. रंग वाहिनीच्या शेवटच्या टोकापर्यंत किती वेगाने पोचतो, बंद वाहिनीला दुसरीकडून रक्त मिळते का, हे शेवटच्या काही क्षणांत दिसते.

चौथी, रुग्ण हलला का. श्वास रोखायला सांगितल्यावर रोखला नाही तर चित्र पुसट होते. इथे रुग्णाचेही काम आहे.

नळीच्या स्पर्शाने कधी कधी वाहिनी आकसते आणि अडथळ्यासारखी दिसते. अशा वेळी वाहिनी सैल करणारे औषध देऊन पुन्हा पाहतात. चित्र उत्तम असूनही मधल्या प्रतीच्या अडथळ्याबाबत दोन जाणत्या डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते. तेव्हा वाहिनीतील दाब मोजून निर्णय घेता येतो.

मात्र चित्र जितके झकास तितके बरे, असेही नाही. जास्त स्वच्छ चित्रासाठी जास्त क्ष-किरण लागतात. निर्णय घेण्यापुरते स्पष्ट चित्र, तेही कमीत कमी किरणांत, हेच चांगले काम. मोबाईलवर पडद्याचे केलेले चित्रीकरण मात्र यात बसत नाही. त्यात पडद्याचे पट्टे उमटतात, बारीक वाहिन्या हरवतात, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना ते आणखी खराब होते.

तेव्हा दवाखाना सोडण्यापूर्वी सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. त्यात सगळी हलती चित्रे मूळ स्वरूपात, म्हणजे 'डायकॉम' स्वरूपात, आहेत का ते विचारा. तिथल्याच संगणकावर ती उघडून पाहा. नाव आणि तारीख तपासा. घरी आणखी एक प्रत करून ठेवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार मागणी केल्यावर 72 तासांत कागदपत्रे देणे बंधनकारक आहे. दुसरे मत घेणे हाही रुग्णाचा हक्क आहे. मागणी लेखी करा, भाषा नम्र ठेवा.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. छातीत जोराची कळ, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना असेल तर सीडी आणि दुसरे मत यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा. मैंदर्गीहून अक्कलकोट, पुढे सोलापूर हे अंतर लक्षात घेता प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

त्या उपासकांनी लेखी अर्ज दिला आणि पूर्ण चित्रीकरण मिळाले. दुसऱ्या डॉक्टरांनी ते पाहिले. एक अडथळा पक्का निघाला, दुसऱ्याबाबत दाब मोजून ठरवू, असे ते म्हणाले. दुसऱ्यांदा अँजिओग्राफी करावी लागली नाही. पहिल्या डॉक्टरांचे निदान सगळेच चुकीचे नव्हते, हेही कुटुंबाला समजले आणि मनातला संशय गेला.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण. पारखायचे तर पाहण्यासारखे काही हातात हवे. ज्यांच्या घरी जुनी अँजिओग्राफीची फाईल आहे, त्यांनी आजच ती काढून पाहावी. सीडी नसेल तर लगेच मागावी. पुढच्या रविवारी वंदनेनंतर अर्ज लिहून द्यायला आम्ही विहारात बसणार आहोत.