परतीच्या बोटीची वाट

समुद्र म्हटला की मराठवाड्यातल्या माणसाला सुटी आठवते. मुदखेड, नांदेड, लातूरकडची मंडळी गोदावरी-मांजरेच्या पाण्यावर वाढलेली. त्यांना समुद्र भेटतो तो शाळेच्या सहलीत, नाही तर लग्नानंतरच्या गणपतीपुळ्याच्या फेरीत. त्या वाटेवर रत्नागिरीला थिबा राजवाडा लागतो. अर्धा तास वाडा पाहायचा, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी पाहायची, फोटो काढायचे आणि गाडीत बसायचे. ‘थिबा कोण?’ असे एखाद्या मुलाने विचारलेच, तर ‘ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी इथे कैदेत ठेवला होता,’ एवढे उत्तर पुरते.

उत्तर खरे आहे, पण फार तोकडे आहे. कैदेत एकटा राजा नव्हता, अख्खे घर होते. हे घर ३३ वर्षे परक्या समुद्राकाठी परतीच्या बोटीची वाट पाहत राहिले. आणि बोट आली तेव्हा ‘घरी जायचे’ म्हणजे कुठे, याचे उत्तर घरातल्या सगळ्यांसाठी एकच राहिले नव्हते.

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. १८७८ साली तो गादीवर आला. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौज इरावतीतून वर चढली आणि काही दिवसांत मंडाले पडले. ऐन सव्विशीतल्या राजाला, राणी सुपयालतला आणि दोन चिमुरड्या मुलींना आगबोटीत बसवून रंगूनला आणि तिथून मद्रासला नेण्यात आले. राणीची धाकटी बहीण, जी राजाची दुसरी राणी होती, तीही बरोबर होती. १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडल्याचे जाहीर झाले. तिसऱ्या मुलीचा जन्म मद्रासला झाला आणि एप्रिल १८८६ मध्ये हा कबिला रत्नागिरीच्या बंदराला लागला.

रत्नागिरीच का? कारण ती तेव्हा जगापासून दूर होती. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली. त्या काळी यायचे-जायचे ते मुख्यतः बोटीने, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. पदच्युत राजाला ठेवायला सरकारला याहून सोयीची जागा कोणती मिळणार? इतरांना हवा खाण्यासाठी असलेला समुद्र या घराला कुंपण झाला.

पुढच्या वर्षी, १८८७ मध्ये, चौथी मुलगी रत्नागिरीतच जन्माला आली. दिवस जात राहिले. सरकारी तनखा होता, पण राजघराण्याच्या सवयींना तो पुरत नसे. मग एकेक दागिना विकला जाई. मंडालेहून निघताना मौल्यवान माणिक हातचे गेले, ते परत द्यावे म्हणून राजाचे अर्जांवर अर्ज चालत. पहाऱ्याला पोलीस अधिकारी, येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर. मुली मोठ्या होत होत्या. त्यांना शोभतील अशी स्थळे समुद्रापलीकडे, आणि पलीकडे जाण्याची मुभा नाही.

१९१० साली सरकारने टेकडीवर हा राजवाडा बांधून दिला. उतरती छपरे, लाकडी नक्षीच्या अर्धगोल खिडक्या. सगळ्यांनी म्हटले असेल, राजाला साजेसे घर मिळाले. पण भाड्याच्या बंगल्यातला माणूस उद्या निघायचे म्हणू शकतो. पक्का वाडा बांधून दिला म्हणजे परतीचा विषय संपला, हेच न बोलता सांगितले गेले. वाड्यात आल्यावर दोन वर्षांत धाकटी राणी वारली. डिसेंबर १९१६ मध्ये वयाच्या सत्तावनाव्या वर्षी थिबाही गेला.

खरी कहाणी इथून सुरू होते. घरच्यांनी राजाचा देह रत्नागिरीच्या मातीत द्यायचे नाकारले. त्याला मायदेशी नेऊनच निरोप द्यायचा, असा राणीचा हट्ट होता. धाकट्या राणीचा देहही त्याच आशेवर राखून ठेवलेला होता. सरकारला भीती वाटे ती वेगळीच: राजाची समाधी मंडालेत झाली तर उद्या लोक तिथे जमतील. जिवंत राजाची धास्ती समजू शकते, मेलेल्याचीही असावी? अशा स्थितीत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. ज्या घरात अंत्यसंस्कारच व्हायचे राहिले आहेत, तिथल्या बायकांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना आपल्याकडच्या कोणत्याही घराला करता येईल. आपल्याकडे तर दहावा-तेरावा उरकला नाही तोवर घर मोकळे होत नाही.

अखेर १९१९ साली सरकारने दोन्ही देह रत्नागिरीतच समाधिस्थ करवले. राणीचे ऐकले गेले नाही. त्यानंतर लगेच, त्याच वर्षी, परतीची परवानगी मिळाली. तीही रंगूनपुरती, मंडालेची नव्हे. जाण्यासाठी जो हट्ट धरला होता, तो मागे ठेवूनच जायचे होते.

शेवटच्या दिवसांत वाड्यात बांधाबांध चालली असेल तेव्हा प्रत्येकीच्या मनात काय असेल? राणीला रंगून म्हणजे घराची ओसरी. चौथीने तर ब्रह्मदेश पाहिलेलाच नव्हता. तिशी ओलांडलेल्या या मुलीच्या दृष्टीने ती जन्मगाव सोडून निघाली होती. आईचे परतणे हे मुलीचे जाणे होते. मुदखेड जंक्शनातून एक रूळ आदिलाबादकडे फुटतो आणि एक निजामाबादकडे, तसे हे घर फुटले. दुसरीने घरच्यांच्या मनाविरुद्ध एका ब्रह्मी माणसाशी लग्न केले आणि पुढे कालिंपाँगला संसार थाटला. धाकट्या दोघींची लग्ने ब्रह्मदेशात झाली. रत्नागिरीत जन्मलेली चौथी तिकडे जाऊन घराण्याच्या हक्कासाठी इंग्रजांशी भांडली. सरकारने तिला मौलमीनला धाडले आणि तिथेच १९३६ मध्ये ती वारली.

आणि थोरली? तिचा जीव वाड्यावरच्या गोपाळ सावंत या पहारेकऱ्यावर जडला होता. तो आधीच संसारी. त्यांना १९०६ साली मुलगी झाली, तिचे नाव तुतू. थोरली आईबरोबर रंगूनला गेली खरी, पण थोड्याच काळात लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. मंडालेच्या राजवाड्यात जन्मलेली ही राजकन्या १९४७ मध्ये रत्नागिरीत गरिबीत वारली. तुतू मराठी बोलत, मराठी संसार करत तिथेच म्हातारी झाली आणि २००० साली गेली. ज्या गावातून सुटायला सगळे तळमळले, त्याच गावाला एकीने आपले म्हटले.

इतिहासाने इथे आणखी एक विचित्र देवाणघेवाण केली आहे. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये रंगूनला धाडले, तो १८६२ मध्ये तिथेच गेला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले ते तिथेच, आणि मंडालेचा राजा तेव्हा रत्नागिरीत. सुपयालत राणी १९२५ मध्ये रंगूनला वारली. तिलाही मंडाले मिळाले नाही. श्वेडगॉन पॅगोड्याजवळ तिची समाधी आहे, आणि जफरची कबरही त्याच परिसरात.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. २०१६ मध्ये राजाच्या निधनाला १०० वर्षे झाली तेव्हा तिकडचे वंशजही आले. राजा मात्र जिथे होता तिथेच आहे.

आज आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुले परदेशी आहेत. त्यांना कुणी कैद केलेले नाही, विमानाचे तिकीट हाताशी आहे. ‘दोन वर्षांत परत येतो’ म्हणून गेलेल्यांची वीस वर्षे होतात, तिथे जन्मलेली नातवंडे सुटीत येतात आणि चार दिवसांनी ‘घरी कधी जायचे?’ विचारतात. आजी-आजोबांना ते लागते. पण नातवंडाचे चुकत नाही. ते थिबाच्या चौथ्या मुलीसारखे आहे. जिथे डोळे उघडले ते त्याचे घर.

पुढच्या वेळी सहल रत्नागिरीला गेली तर वाड्याबरोबर शिवाजीनगरातली थिबाची समाधीही मुलांना दाखवावी. तिथे फोटोला फारसे काही नाही, पण सांगण्यासारखे बरेच आहे.