कुळागरातला मुक्काम कशासाठी?

सुट्टीत कुटुंबासह गाडी काढली की बहुतेकांची वाट किनाऱ्याकडे वळते. फोंडा तालुक्यातील सावईवेरे, केरी परिसरातील कुळागरे मात्र पणजीहून साधारण तासाभराच्या अंतरावर असूनही नजरेआड राहतात.

कुळागर म्हणजे डोंगरउताराच्या पायथ्याशी फुललेली जणू मजल्यांची बाग. सर्वांत वर माड आणि पोफळी, पोफळीच्या खोडावर मिरवेल, सावलीत जायफळ व केळी, तर जमिनीलगत अननस आणि हळद. डोंगरातील झरीचे पाणी पाटांतून या साऱ्यांना मिळते.

तासाभराच्या फेरीत ही रचना दिसते. त्यामागचे कष्ट मुक्कामातच कळतात. सकाळी पाटाचे पाणी आळ्यांत वळवताना किंवा एप्रिलमध्ये डोंगरावर काजूची बोंडे वेचताना मुलांना शेतीचा परिचय घडतो.

पोफळीवर चढणारे कुशल हात आज सहज मिळत नाहीत आणि वाटण्यांमुळे बागांचे तुकडे होतात. अशा वेळी पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाचे उत्पन्न बाग राखण्यास हातभार लावते. मात्र आगाऊ कळवूनच जावे, न विचारता फळ तोडू नये आणि पाटात साबण वापरू नये. तेच पाणी पुढे खालच्या बागेला जाते.