स्टेकसोबत बटाटा कोणता? मांस पाहा, तेलही विचारा

आपल्या दस्तरखानावर गोश्त आणि बटाटा हे जुने सोबती. सालनमध्ये, मुंबईच्या बिर्याणीत बटाटा मसाला पिऊन घेतो. स्टेकचं तसं नाही. स्टेक म्हणजे मांसाचा जाड काप, गरम तव्यावर किंवा जाळीवर भाजलेला. त्याला रस्सा नसतो, म्हणून बटाटा वेगळा शिजवून ताटात शेजारी ठेवतात. शहरातल्या हॉटेलांमुळे आणि परदेशात शिकणाऱ्या मुलांमुळे हा पदार्थ आता आपल्या घरांतही पोहोचला आहे. सोबत कोणता बटाटा करावा, हे आमच्या मते दोन गोष्टींवर ठरतं: मांस किती कोरडं आहे आणि बटाटा कशात शिजला आहे.

कुठे काय खातात?

फ्रान्स आणि बेल्जियममध्ये स्टेकसोबत फ्राइज असतात. त्या दोनदा तळतात. आधी साधारण 150-160 अंश सेल्सिअसवर आतून शिजेपर्यंत, मग गार करून 180 अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत. बेल्जियममध्ये यासाठी 'बिंत्ये' नावाचा बटाटा नावाजलेला आहे. 1905 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या डी व्रिस या शाळामास्तरांनी ही जात तयार केली आणि तिला आपल्या विद्यार्थिनीचं नाव दिलं. अमेरिकेत मोठा रसेट बटाटा सालीसकट ओव्हनमध्ये भाजतात, चीर देऊन त्यात लोणी घालतात. इंग्लंडमध्ये जाड चिप्स किंवा कुस्करलेला बटाटा, म्हणजे मॅश.

मांस पाहून ठरवा

साधा नियम असा: मांस चरबीदार असेल तर बटाटा कोरडा, मांस कोरडं असेल तर बटाटा मऊ.

महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीच्या मांसावर ती नाही. त्यामुळे इथे स्टेक बहुतेक म्हशीच्या अंडरकटचाच होतो. त्यात चरबी कमी, जरा जास्त भाजला की सुका पडतो. त्याच्यासोबत मॅश उत्तम. बटाटे सालीसकट उकडा, सोलून गरम असतानाच कुस्करा, मग लोणी आणि गरम दूध घाला. मिक्सरमध्ये मात्र फिरवू नका, बटाट्यातलं स्टार्च सुटून लगदा चिकट होतो.

बकरी ईदच्या मटण चॉप्सना चरबी असते. तिथे मॅश जड होतो. उकडलेले छोटे नवे बटाटे, पुदिना, लिंबू आणि काळी मिरी पुरे.

बटाटा ओळखा

जुना, पिठूळ बटाटा मॅश, फ्राइज आणि भाजण्यासाठी चांगला. पातळ सालीचा नवा बटाटा उकडल्यावर आकार धरून राहतो. ओळख पटत नसेल तर 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवून बटाटा टाका. पिठूळ बुडतो, चिकट तरंगतो. कच्चा बटाटा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो लवकर काळा पडतो.

तेल कोणतं, हे विचारा

बटाटा म्हणजे भाजी, त्यात परहेज कसला, असं बऱ्याच जणांना वाटतं. बाहेरदेशी मात्र हे गृहीत धरू नये. बेल्जियममध्ये फ्राइज गाय-बैलाच्या चरबीत तळण्याची जुनी रीत आहे. उत्तर इंग्लंडमधल्या अनेक चिप्सच्या दुकानांत आजही तीच चरबी वापरतात. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजही 1990 पर्यंत मुख्यतः गाय-बैलाच्या चरबीत तळल्या जात. ती चरबी हलाल जनावराची आहे की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तेल वनस्पतीचं असलं तरी त्याच कढईत डुकराच्या मांसाचे पदार्थ तळलेले असू शकतात. भाजलेल्या बटाट्यावर बेकनचे तुकडे पेरलेले असतात, मॅशवरच्या ग्रेव्हीत वाइन असू शकते. म्हणजे स्टेक हलाल मागवला तरी ताटाचं काम तिथेच संपत नाही.

परदेशी निघालेल्या मुलांना एवढंच सांगावं: विचारायला लाजू नका. "कशात तळता? याच तेलात आणखी काय तळता?" हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर नीट मिळालं नाही तर वर काही न घातलेला, सालीसकट भाजलेला साधा बटाटा मागवा आणि लोणी वेगळं घ्या.