दारू त्याची, उपचार साऱ्या घराचा

तायांनो, हिर्डोशी भागातल्या एका बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. कारण सांगितलं 'घरखर्च'. बैठक संपल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्यांची उधारी फेडायचीय. मग सुधारतील." त्यांना विचारूनच हे लिहितेय.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैशाची मदत केली. तिथं नवऱ्यावर उपचार होतात, तसं घरच्यांशीही बोलतात. बायकांचा 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे.

आता बारा पायऱ्या. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना आधार देऊन 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजे एए सुरू केलं. आपल्याकडेही एएच्या बैठका होतात, फी नसते, नाव बाहेर जात नाही. पहिली पायरी म्हणजे दारूपुढे माझं काही चालत नाही, हे कबूल करणं. आठवी-नववी पायरी म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून जमेल तशी भरपाई करणं. त्या यादीत कोण असणार? घरचेच की! आणि दुकानदार. उधारी आपणच फेडली, तर त्याची पायरी आपणच चढून टाकली.

इथंच घरच्यांच्या समुपदेशनाचं काम येतं. सासूबाई मायेनं पन्नास रुपये देतात, आपण मुकादमाला "पोट दुखतंय" असा निरोप धाडतो. (मीही आधी सासवांनाच दोष द्यायचे. पण त्याही घाबरलेल्या असतात.) समुपदेशक सगळ्यांना एकत्र बसवून हे उलगडतात. नवरा दारू सोडून घरी आला तरी आपला राग लगेच जात नाही, विश्वास बसत नाही. त्यावर बोलायला जागा लागते. एएतल्या माणसांच्या घरच्यांसाठी म्हणूनच १९५१ साली 'अल-अनॉन' निघालं. नवरा पीत असला तरी बायकोला तिथं जाता येतं.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करू नका, झटके येऊन जीवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. आणि मारहाण होत असेल तर एकत्र बसणं नंतर, आधी १८१ ला फोन. व्यसनमुक्तीच्या माहितीसाठी १४४४६, तोही मोफत.

त्या ताईंनी अर्ज मागे घेतला. नवरा अजून पितोच. पण दुकानदाराला त्यांनी सांगून टाकलंय, "आता त्यांची उधारी त्यांच्याकडूनच घ्या."