कार्यशाळेचा शेवटचा पाठ

शनिवार उजाडला कीं आमच्या कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर मुंबई-पुण्याकडील कंपन्यांच्या मोटारगाड्या दिसूं लागतात. डोंगराच्या पायथ्याशीं जीं विश्रामस्थानें उठलीं आहेत, तेथें कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण-कार्यशाळा भरतात. दोरखंड ओढणें, काड्यांचे मनोरे रचणें, डोळे बांधून सोबत्याच्या सांगण्यावरून चालणें, असे खेळ होतात आणि मग सहकार्यावर व्याख्यान. कुंभिवलींत बसून हें पाहतांना निवृत्त शिक्षकाच्या मनांत साहजिकच प्रश्न उठतो : या पाठाचें पुढें काय होतें?

माझा एक जुना विद्यार्थी याच भागांतील एका कारखान्यांत आहे. असाच दोन दिवसांचा वर्ग आटोपून तो मोठ्या आनंदानें मला भेटावयास आला. “गुरुजी, साहेब आमच्या पंक्तीस जेवले. दोष दिसला तर निर्भयपणें सांगा, म्हणाले!” पुढच्याच आठवड्यांत एका यंत्राची संरक्षक जाळी सैल झाल्याचें त्यानें वरिष्ठांस सांगितलें. उत्तर मिळालें, “तें तिकडचें तिकडे राहूं द्या. आज माल पुरा झाला पाहिजे.” पंधरा दिवसांनीं त्याच यंत्रावर एका मदतनिसाचीं दोन बोटें गेलीं. जाळी आतां पक्की बसविली आहे. परंतु माझा विद्यार्थी मात्र पुन्हा कांहीं सांगत नाहीं.

यांत दोष प्रशिक्षणाचा म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. अध्यापन-वर्गांत आम्हांस हर्बार्टची पंचपदी शिकवीत. तिची शेवटची पायरी उपयोजन. शिकलेलें प्रत्यक्ष वापरल्यावांचून पाठ पुरा झाला असें मानीत नसत. पहिल्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतील जहाजबांधणीच्या कामगारांसाठीं चार्ल्स ॲलन यांनीं अशाच चार पायऱ्या योजिल्या. १९४० सालीं तेथें कारखान्यांतील मुकादमांस शिकविण्याची जी सरकारी योजना निघाली, तींतहि त्याच आल्या : शिकणाऱ्याचें मन तयार करणें, काम करून दाखविणें, त्याच्याकडून करवून घेणें आणि मग वारंवार जाऊन पाहणें. मुकादमानें माणसांशीं कसें वागावें, याचाहि स्वतंत्र पाठ असे. १९४५ पर्यंत १६ लाखांहून अधिक लोक या योजनेंत शिकले. युद्धानंतर जपाननें ती पद्धति उचलली. लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, येथें पहिला विद्यार्थी मुकादम होता, त्याच्या हाताखालचा कामगार नव्हे.

आपल्याकडील उदाहरण किर्लोस्करवाडीचें. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे पूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर त्यांनीं कारखाना उभारला, तेव्हां खेड्यांतील माणसें कामावरच घडवावीं लागलीं. शिक्षा भोगून आलेल्यांस त्यांनीं पहारेकरी नेमिलें. विश्वासावर व्याख्यान देण्यापेक्षां पहारा सोंपविणें अधिक परिणामकारक, हें त्यांनीं ओळखलें होतें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. सणाची पंक्ति गोड खरी. पण घर टिकतें तें केवळ तिच्यावर नव्हे. रहाटाचा दोर झिजल्याचें धाकट्या सुनेनें सांगतांच ज्या घरचा कर्ता पुरुष उठून तो बदलतो, त्या घरांत माणसें जीव लावून राबतात.

म्हणून कार्यशाळा भरविणाऱ्यांस एका शिक्षकाची विनंति आहे. साहेबांनीं केवळ पंक्तीस नव्हे, पाठासहि बसावें. कामगाराच्या सूचनेस आठ दिवसांत उत्तर द्यावें. ती मान्य नसेल तर कारण सांगावें. जीविताशीं संबंध असेल तर उत्तराआधीं यंत्र थांबवावें. आणि महिन्यानें पुन्हा जाऊन, शिकविलेल्यांपैकीं काय उरलें तें पाहावें.

‘उत्साह’ हा शब्द संस्कृतांत ‘सह्’ धातूस ‘उत्’ हा उपसर्ग लागून झाला आहे. त्या धातूचा अर्थ सोसणें, टिकाव धरणें. सोमवारच्या भोंग्यापर्यंतहि जो टिकत नाहीं, त्याला उत्साह म्हणतां येणार नाहीं.