विश्लेषण : गलाईचा तांबूस धूर छातीच्या पोकळीत काय करतो?

विटा आणि खानापूर-आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करतात. या कामात नायट्रिक आम्ल वापरले जाते. त्यातून निघणाऱ्या तांबूस-तपकिरी धुरात नायट्रोजन डायऑक्साइड असतो. तो शरीरात कुठवर पोहोचतो?

छातीची पोकळी कशी असते?
धडात दोन मोठ्या पोकळ्या असतात. वरच्या छातीच्या पोकळीत फुप्फुसे आणि हृदय, तर खालच्या पोटाच्या पोकळीत जठर, यकृत, आतडी. मध्ये श्वासपटलाचा स्नायूचा पडदा. तो खाली सरकला की छातीची पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि हवा फुप्फुसांत शिरते.

धोका उशिरा का कळतो?
हा वायू पाण्यात कमी विरघळतो. त्यामुळे नाक-घशाच्या ओलाव्यात फारसा न अडकता तो वायुकोशांपर्यंत जातो. तिथे आम्ल तयार होऊन पातळ पडद्याला इजा होते. सुरुवातीला नुसता खोकला येतो. फुप्फुसांत पाणी भरायला काही तास लागतात. मग रक्तातील प्राणवायू घटतो आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंडे या सर्वांवर ताण येतो.

काळजी काय घ्यावी?
धूर छातीत गेल्यास लगेच मोकळ्या हवेत यावे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे आणि कोणता धूर होता ते सांगावे, कारण त्रास २४ तासांनीही उद्भवू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. धूर बाहेर ओढून नेणारी यंत्रणा हवीच.