रिले ‘टक्’ का वाजत नाही?

घरात शाळकरी मूल असेल तर हा प्रसंग तुम्हाला नवा नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून पोराने तालुक्याच्या दुकानातून एक निळी पाटी, मूठभर तारा नि चार सुटे भाग आणलेले असतात. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, एवढाच त्याचा बेत. घरच्यांनाही त्यात गोडी असते. रात्री वीज आली की टाकीकडे बघायला कोणीतरी उठावेच लागते आणि ते काम बहुधा आईच्या वाट्याला येते. जोडणी होते, बटण दाबले जाते, नि काहीच घडत नाही. दोन दिवस खटपट करून पोर सगळे खोक्यात भरते आणि खोके माळ्यावर जाते.

ते खोके खाली काढा. अशा जोडणीत चूक बहुधा ठरावीक चार-पाच जागीच असते. ती शोधायला साधा, स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो.

निळी पाटी म्हणजे आर्डुइनो. 2005 साली इटलीतल्या इव्रेआ गावी ती विद्यार्थ्यांसाठी तयार झाली. तिच्यातला मायक्रोकंट्रोलर हुशार खरा, पण अंगाने किरकोळ. त्याच्या एका पायातून 5 व्होल्ट मिळतात आणि 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओझे त्यावर टाकू नये. 12 व्होल्टच्या लहान रिलेला मात्र सुमारे 30 मिलिअँपिअर लागतात, तेही 12 व्होल्टवर. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर घालायचा. आपल्या वडीलधाऱ्यांना ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ एवढेच ठाऊक. पण रेडिओला ते नाव मिळाले ते याच इवल्या भागावरून, जो 1947 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. मोठ्या पाइपावरचा वॉल्व्ह लहान मूलही फिरवू शकते ना? तसेच हे. बेस नावाच्या पायात थोडी वीज सोडली की कलेक्टरकडून एमिटरकडे जास्त वीज वाहू लागते.

पोराकडे बहुतेक बीसी 547 हा ट्रान्झिस्टर असेल. त्याची सपाट बाजू आपल्याकडे नि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. पण पीएन 2222 दिसायला अगदी तसाच असून त्याचा क्रम नेमका उलटा आहे! छापील नंबर भिंगातून वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जोडणी अशी हवी: रिलेच्या कॉइलचे एक टोक 12 व्होल्टच्या पॉझिटिव्हला, दुसरे कलेक्टरला. एमिटर निगेटिव्हला. पाटीच्या पायापासून बेसपर्यंत 1000 ओहमचा रेझिस्टर.

आता शोध. मोटारीच्या तारा पूर्ण सोडवून ठेवा. टाकीतला फ्लोटही तूर्त बाजूला. पोराला सांगा, प्रोग्रॅममध्ये फक्त पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद एवढेच ठेव. मीटरची काळी सुई पाटीच्या ग्राउंडला धरा आणि ‘चालू’ असताना लाल सुई एकेका जागी लावा. पाटीच्या पायावर 5 व्होल्ट, बेसवर सुमारे 0.7 आणि कलेक्टरवर जवळजवळ शून्य दिसले, तर ट्रान्झिस्टरचे काम चोख आहे.

पायावर एक व्होल्टही नाही? मग प्रोग्रॅममध्ये तो पाय ‘आउटपुट’ म्हणून सांगायचा राहिला असेल. कलेक्टर धड 12 नाही, धड शून्य नाही, मध्येच लोंबकळतो? रेझिस्टरचे पट्टे बघा. तपकिरी-काळा-तांबडा म्हणजे 1000 ओहम. तिसरा पट्टा पिवळा असेल तर तो शंभरपट मोठा, एक लाख ओहमचा आहे; बेसला वीज पोचतच नाही. पायांची अदलाबदल झाली असली तरी असेच होते.

आणि बेसवर 0.7 ऐवजी पुरते 5 व्होल्ट दिसले तर? इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे. शेजारच्या मुलीच्या जोडणीत हेच दिसत होते. मी शहाणपणाने तीन ट्रान्झिस्टर बदलले, तासभर घालवला. खरे तर मीटर स्पष्ट सांगत होता, की बेसमधून गेलेल्या विजेला परतीची वाट नाही. वीज घाण्याच्या बैलासारखी. फेरा पुरा होणार नसेल तर पाऊलच उचलत नाही. पाटीला मोबाइलच्या चार्जरची वीज होती, रिलेला 12 व्होल्टच्या दुसऱ्या अडॅप्टरची, आणि दोन्हींचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेलेच नव्हते. वीतभर काळी तार लावली नि रिले टक् वाजला. मुलगी एवढ्या मोठ्याने ओरडली की तिची आजी चुलीपुढून उठून आली.

रिले चार वेळा वाजून मग ट्रान्झिस्टर मेला, किंवा पाटी मधूनच पहिल्यापासून सुरू होऊ लागली, तर कॉइलवर डायोड नाही असे समजा. पाणी जोरात वाहताना वॉल्व्ह झटकन बंद केला तर पाइप कसा धडकतो, ते तुम्हाला माहीत आहे. कॉइलची वीज तोडली की तसाच उलटा धक्का बसतो. 1एन 4007 हा डायोड कॉइलच्या दोन टोकांना आडवा लावावा, पांढरा पट्टा पॉझिटिव्हकडे. पट्टा उलटा लावला तर रिले हलणार नाही आणि ट्रान्झिस्टर जळेल.

एका गोष्टीत मात्र पोरांचे ऐकू नका. मोटार या लहान रिलेवर थेट जोडायची नाही. सुरू होताना मोटार चालतानाच्या कितीतरी पट वीज ओढते. रिलेची टोके चिकटून बसतील आणि मोटार बंदच होणार नाही. रिलेने फक्त स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरला हुकूम द्यावा. ती जोडणी वायरमनकडूनच, मेन स्विच काढून करून घ्यावी. थ्री फेजच्या 415 व्होल्टशी मुलांचा हात लागता कामा नये.

तोवर रिलेवर 12 व्होल्टचा लहान दिवा लावून जोडणी रात्रभर चालवून बघा. ब्रेडबोर्डात खोचलेल्या तारा मोटारीच्या खोलीतल्या थरथरीने निसटतात. म्हणून तिथे नेण्याआधी सगळे भाग भोकांच्या पाटीवर झाळून घ्यावेत आणि मुंग्या-पाली शिरणार नाहीत अशा डबीत बंद करावेत. शेजारची मुलगी सध्या झाळकाम शिकते आहे. दोन बोटे भाजून झाली आहेत.